उन्हाळी

वेदांग गांगुर्डेची वही
बुधवारच्या बाजारातली, गंगेवरून घेतलेली,
किराणावाला उधारी लिहितो तसली लांबट.
१.१०. १.३५.
१.५० – बसलो, झालं नाही.
२.२० – थोडं. लाल.
पहाटे ४ – द्वारका, बस थांबवली, कंडक्टर बोलला.
वय एकोणीस.
मूत्राशयात मावतं अर्धा कप चहाइतकं.

काय घेतोस, विचारलं.
बाराखडीतलं एकच अक्षर म्हणावं
तसं म्हणाला, ‘के.’
मी ते पूर्ण नावाने ओळखते,
भाजलेल्या पोरांच्या पट्ट्या बदलताना
ऑपरेशन थिएटरमध्ये
त्यानेच तर त्यांचं रडू थांबायचं.

आमच्या फॉर्मवर दारू होती, तंबाखू होता,
मग ‘इतर’,
आणि इतरपुढे बोटाच्या पेराएवढी रेघ.
जूनमध्ये मी ती पेनाने
कागदाच्या कडेपर्यंत ओढली.
एवढंच माझं संशोधन.

सप्टेंबरपर्यंत त्या रेघेवर अकरा जण.
सातांनी मुतखड्याचं औषध संपवलेलं.
एकीला आई दोन महिने
धने-जिऱ्याचं पाणी पाजत होती,
पोरीला उन्हाळी लागलीय म्हणून, ऐन पावसाळ्यात.

कोठावदे प्राचार्य म्हणाले,
मॅडम, आमच्याकडे असलं काही नाही.
त्यांच्या खिडकीतून स्वच्छतागृह दिसत होतं,
कुलूप लावलेलं.
चारनंतर बंद. पोरं आत काहीबाही करतात.
म्हणजे आहे तर, मी म्हटलं नाही.
म्हटलं, कुलूप काढा,
आतल्या भिंतीवर आमच्या ओपीडीचा नंबर लावू द्या.
ते म्हणाले, आधी नावं द्या.
सर, माझ्याकडे नुसता आकडा आहे,
आकड्याच्या घरी पोलीस जात नाहीत.
चहा आला. मी घेतला. काही ठरलं नाही.

गेटपर्यंत शिरसाठ वॉचमन सोबत आला,
किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून, वाजू न देता.
ताई, ही उन्हाळी बरी होते का?
लवकर थांबलं तर. बरीचशी.
कोणासाठी विचारतोस, हे मी विचारलं नाही.
तोही थांबला नाही.

आज वेदांग आला.
२.००. ४.१०. ६.४५.
असं एक पान, दोन पानं, नऊ दिवस.
मग पुन्हा १.१५, १.३०, १.४०,
आणि खाली, अक्षर सांडलेलं:
‘घेतलं. लिहितोय.’

बाकावर बसून तो माझ्या तोंडाकडे बघत होता,
ओरडा बसायची वाट बघतात तसा.
मी पानावर तारीख घातली.
वही भरत आली होती.
कपाटातून दुसरी काढून दिली,
दोनशे पानी.