कोरा रकाना

खारला, तिसऱ्या मजल्यावर, स्क्वाड्रन लीडर त्रिलोकेकर
सोफ्यावर वर्तमानपत्र पसरून वस्तू मांडतात.
एक हातमोजा, उजवा.
छावणीतला ॲल्युमिनियमचा चमचा,
दांड्यावर खिळ्यानं ओढलेल्या त्र्याण्णव रेघा.
पॅराशूटचा हूक, ज्याला सून
परवापर्यंत चिमट्यांची पिशवी अडकवायची.

मी भाव सांगतो. ते नुसती मान हलवतात,
बहिऱ्या कानाकडून बोललो बहुधा.

मग लॉगबुक. शेवटची ओळ अर्धी:
तारीख, कॅनबेरा, नॅव्हिगेटर बलसारा.
"निघण्याआधीच लिहायचो एवढं.
अर्धं काम टाकून माणूस जात नाही, आई म्हणायची."
तासांचा रकाना कोरा.

या कोऱ्या जागेचेच पैसे जास्त,
हे मी बोलत नाही.
लिफाफा मात्र दुसरा काढतो, जाड.

ते माझ्या खिशातलं पेन उचलतात,
टोपण उघडतात, थांबतात.
"विमान पेटलं तेव्हा एक तास चाळीस.
छत्रीखाली लोंबकळलो ती चार मिनिटं धरायची का, ठाऊक नाही.
पण बलसाराचे किती लिहू?"

खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय.
तिची ती किरटी धून
संपता संपत नाही.