खोटी मापं, हळदतुकूम

वाघ दिसला नाही.
पहाटे चारला उठून, कानटोप्या घालून,
उघड्या जिप्सीत सहा तास हाडं खिळखिळी करून
आम्ही पाहिली वाघाची विष्ठा
आणि गाइडने फार आदराने दाखवलेलं
ओरखडलेलं एक ऐनाचं झाड.

परतताना हळदतुकूमच्या फाट्यावर टायर बसला.
चहाच्या टपरीमागे धानाचं जुनं गोदाम,
दारावर खडूनं लिहिलेलं:
खोट्या मापांचं संग्रहालय. तिकीट पाच रुपये.
किल्ली सायकलच्या दुकानात.

मेव्हणा म्हणाला, पाच रुपयांत काय दाखवणार, उंदीर?
मी गेलो. आत सावली तरी असेल.

वारलू गुरनुले आले, बोटं ग्रीसने काळी.
वजनमापे कार्यालयात एकतीस वर्षं शिपाई.
साहेब धाड टाकायचे, हे पोतं वाहायचे.
जप्तीचा माल मोडीत निघायचा,
त्यातला एकेक नग यांनी अर्ज करकरून मागून घेतला.
नामंजूर झालेले अर्जही भिंतीवर आहेत,
काचेत.

"थांबा जी, बल्ब लावतो."

फळीवर पायल्या. दिसायला सख्ख्या बहिणी.
एकीच्या बुडाशी बोटभर फळी, वरून पत्रा.
एकीच्या पोटात लाखेचा थर, पानावर चुना फासावा तसा.
लोखंडी वजनं त्यांनी पालथी केली:
भोकात मेण, मेणावर काजळी.
तराजूच्या पारड्याखाली चिंचोक्याएवढं लोहचुंबक.
कापडवाल्याचा गज दोन्ही टोकांना घासून घासून
इतका नम्र झालेला,
की दर लुगड्यामागे चार बोटं उरावीत.
आणि दुधाचं माप, आतल्या बाजूला पोचे.
मी बोट फिरवलं.
इतकी गुळगुळीत चोरी मी कधी हाताळली नव्हती.

कुठेच नाव नाही. नुसते बाजाराचे वार.
मंगळवार. शुक्रवार. पुन्हा मंगळवार.
"नावं काहाले लिवाची जी?
त्याईचे नातू इथंच शाळेत जातेत."

खिडकीपाशी, वेगळ्या पाटावर, शेवटची पायली.
वारलूंनी सरकारी मापातून तिच्यात तांदूळ ओतला.
आता मला सवय झाली होती,
मी सांडण्याची वाट पाहत राहिलो.
सांडला नाही.
काठापर्यंत आलाच नाही.
वर मूठभर जागा रिकामी.

"हे भागरता निकुरेची. सोमवारी लाखोरी विकायची.
साहेब म्हनाले, जास्त असली तरी खोटीच.
पंधरा रुपये दंड.
तिनं भरला. म्हने, पायली तेवढी नेऊ नका जी."

"नेली?"

"मीच नेली. डोक्यावर."

मुद्दाम देत होती का ती जास्त, मी विचारलं.
पुण्य म्हणून?
त्यांनी तांदूळ काढला, पायली पालथी केली.
बूड बाहेर फुगलेलं, तव्यावरच्या भाकरीसारखं.
वीस वर्षं ती मुठीनं दाबून दाबून भरायची,
दाणा नीट बसावा म्हणून,
गिऱ्हाइकाचं मन बसावं म्हणून,
आणि पत्रा हळूहळू खाली जात राहिला.
"तिले ठाऊकच नसन," ते म्हणाले.
मग थोडं थांबून,
"नाही तर असन."

पाटावर ठेवली की ती डुगडुगते.
बराच वेळ डुगडुगत राहते.

बाहेर हॉर्न वाजला.
भेटपुस्तकात शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची:
'पंखा नाही. बाकी बरं आहे. सातवी ब.'
मी काही लिहिलं नाही, दहाची नोट दिली.
ते खिसे चाचपू लागले,
या खिशात, त्या खिशात, मग सदऱ्याच्या आतल्या.
राहू द्या, मी म्हणालो.

त्यांनी बल्ब विझवता विझवता
माझ्याकडे असं पाहिलं
की मी हात पुढे केला
आणि पाच रुपये
मोजून घेतले.