मायमू रेबानेची जागा

फॉर्म आला : उत्कृष्ट साहाय्यक कर्मचारी.
योगदान तीनशे अक्षरांत लिहा,
शक्यतो मोजता येईल असं.

मी लिहिलं, एकोणतीस वर्षं.
मग खोडलं. वर्षं काय, भिंतीलाही होतात.

जिन्याच्या वळणावर तिचं भांडार,
अर्ध्या दाराचं. दारावर फळी, फळीवर वही,
वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल
(मी टार्टूत आलो त्या साली दोरी निळी होती).
न सांगता कुणी पिपेट नेली तर ती रागवत नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर
कोरं पान उघडून वही ठेवते.
डीनच्या टेबलावरसुद्धा ठेवली होती एकदा.

पंपाच्या अंगावर पालथा हात ठेवून
म्हणते, हा मंगळवारपर्यंत चालेल.
मंगळवारी पंप बसतो.
सुटा भाग सोमवारीच येऊन पडलेला असतो.
कसं मोजायचं हे?
जे बिघडलंच नाही, त्याचं एकक कोणतं?

की ती जानेवारीतली रात्र लिहू?
बाहेर उणे सव्वीस.
तळघरातल्या फ्रीझरला हवं उणे ऐंशी,
आणि आकडा उणे एकतीसवर, चढत चाललेला.
आत माझं शेवाळ, अकरा वर्षांचं,
एकेका दलदलीत गुडघाभर उतरून वेचलेलं.
रात्रीचे अडीच. मी तालिनला,
फोन बंद करून झोपलेला.

ती ढकलघसर घेऊन आली,
पोलादी पात्यांवरची खुर्ची ती,
आमच्याकडच्या म्हाताऱ्या जिच्यावरून बटाटे आणतात.
खुर्चीवर थर्माकोलचे खोके, खोक्यांत कोरडा बर्फ,
वरून नवऱ्याचा जुना ओव्हरकोट पांघरलेला,
घरातलं आजारी माणूस दवाखान्यात न्यावं तसा.
एमायोगीचा पूल ओलांडून
पशुवैद्यकांच्या प्रयोगशाळेपर्यंत.
सात खेपा.
थंडीनंही हात लावला, असं ती सांगते,
थंडीचा वाटा बुडू नये म्हणून.

सकाळी वहीत नोंद :
शेवाळ, ४१२ नळ्या, शेजारी ठेवल्यात. परत आणणे.

त्या नळ्यांवर मी चार शोधनिबंध लिहिले.
आभार शेवटी, बारीक टाइपात,
आणि तिथंही छापलं गेलं : मायमू रेबासे.
तिनं तेवढी ओळ कापून
कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.
'से'च्या डोक्यावर पेन्सिलीनं छोटासा 'ने'.
अ‍ॅसिटोन घ्यायला गेलो की दिसतो मला.

फॉर्ममध्ये शेवटी एवढंच धाडलं :
४१२ नळ्या. ७ खेपा.

समारंभात कुलगुरूबाईंनी दोनदा नाव पुकारलं.
टाळ्या सुरू झाल्या, माणूस सापडेना,
तेव्हा त्या कशाबशा विरल्या.
मागल्या दाराला नायट्रोजनचा टँकर लागला होता,
कुणीतरी सही करायला हवी होती.
अर्ध्या तासानं आली, कोपरापर्यंतचे हातमोजे तसेच,
आणि विचारलं, मनुकांचा पाव उरलाय का.

बक्षीस : मानपत्र,
आणि वर्षभर दारासमोर गाडी लावायची राखीव जागा.
निळ्या पाटीवर नाव. या खेपेला बिनचूक.
मायमूकडे गाडी नाही.
कधीच नव्हती, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं.
मलाही नाही.

डिसेंबरभर तो चौकोन मोकळा.
सगळ्या अंगणात चाकांनी तुडवलेला चिखलबर्फ,
तिथं मात्र जसा पडला तसा, कुणी न मोडलेला.
डीन तीन फेऱ्या मारतात
आणि लांब नदीकाठी गाडी लावून चालत येतात.

आज सकाळी पाहतो तर
ढकलघसर उभी. दोन्ही रेघांच्या आत,
नियमानं बरोबर मधोमध,
मुठीला परवाना लटकवलेला.

वर गेलो. काहीतरी बोलायचं होतं,
वाक्य जिन्यातच दोनदा जुळवलं होतं.
तिनं माझ्याकडे न बघता वही सरकवली.
चिकटपट्टी, एक. गेल्या गुरुवारची.

मी सही केली.
दोरी हल्ली राखाडी आहे.