दोन अंश मागं

कुपवाड एमआयडीसीत, हळदीच्या गोदामामागं आमचं शेड.
एअर फिल्टर उघडला की पिवळाच निघतो.
गिऱ्हाईक विचारतं, गाडीचं लग्न ठरलंय का?

आज रोलरवर पालिओ, दोन हजार तीनची,
तासगावच्या बेदाणेवाल्या उन्मेष शेंडगेची.
मॅनिफोल्ड आम्हीच वेल्ड केला, तीनदा तडकला, चौथ्यांदा टिकला.
टर्बो भंगारातला, कुठल्याशा डिझेलच्या पोटातनं काढलेला,
त्याचा शाफ्ट बोटानं हलवून बघत
मुश्ताकभाई दोन दिवस गप्प होते.
पिस्टन मात्र नवे. पेटी फोडायच्या आधी
त्यांनी साबणानं हात धुतले.

पत्री मारायला बैल पाडतात, पाय बांधतात,
तशी गाडी चार पट्ट्यांनी बांधली.
बाहेर एक्केचाळीस अंश.
इंटरकूलरवर मिरजेच्या मासळी बाजारातला बर्फ,
सगळ्या शेडला बांगड्याचा वास.

लॅपटॉपवर मी. रेवती कोष्टी.
नवीन माणूस मलाच विचारतो, ट्यूनर कुठायत?
मी म्हणते, बसा, येतील.

चौथा गिअर.
तीन हजारला टर्बो जागा होतो,
आधी लांबून आल्यासारखी शिट्टी,
मग पत्रे थरथरतात, मग माझे दात.
साडेसहा हजार. काट्यावर एकशे सत्तर,
आणि गाडी जागची हललेली नाही.
समोरचं कॅलेंडर तेवढं पंख्याच्या वाऱ्यानं फडफडतं,
एप्रिलचा मे होतो, परत एप्रिल.

एकशे अठ्ठावन्न घोडे.
उन्मेषनं मोबाईल काढला, पडद्याचा फोटो घेतला.

मुश्ताकभाई बोलले नाहीत.
ब्लॉकला बोल्ट केलेली तांब्याची नळी,
तिला रबरी पाइप, पाइपाच्या टोकाला कानावरचे डबे:
हे त्यांचं यंत्र, त्यांनीच केलेलं.
डबे काढून म्हणाले,
"पाच हजार आठशेला. एकदाच. पत्र्यावर खडा पडावा तसं."
माझ्या आलेखात काहीच नव्हतं,
रेषा तेलासारखी.
"दोन अंश मागं घे."

शिकलगार. पणजोबा तलवारींना धार लावायचे,
आजोबांपासून घरात सतारी.
घोडीवर तार टेकते तिथं कानस फिरवायची, जवारी लावायची,
एक घास जास्त झाला की स्वर बसतो
आणि घोडी टाकून द्यावी लागते.
हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही,
त्यांच्या बहिणीनं सांगितलं, शिरखुर्मा वाढताना:
अकरा वर्षांचा होता, एक बिघडवली,
परत त्या खोलीत गेला नाही.

ती घोडी टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात आहे,
उंटाच्या हाडाची, फडक्यात गुंडाळलेली.
दहाचा पाना आठवड्याला हरवतो.
ती नाही.

"ऐक," म्हणाले, आणि डबे माझ्या कानावर ठेवले.
परत चौथा गिअर, जुन्याच नकाशावर.
मला वादळ ऐकू आलं. वादळात काही नाही.
"आलं?"
मी हो म्हटलं.
नव्हतं आलं.

दोन अंश मागं घेतले.
एकशे एकावन्न.

"सात घोडे गेले की ओ," उन्मेष म्हणाला.
"शंभरफुटीवर कोण मोजायलंय?"
"मोजत्यात की. पोरं मोजत्यात."
मग त्याला दोन्ही कागद हवे झाले.
मी एकावन्नचाच छापला.
अठ्ठावन्नची फाइल पुसली नाही, तेही खरं.
पैसे मोजताना त्यानं बेदाण्याचा एक पुडा ठेवला,
आम्ही तो ग्रीसच्या हातांनीच खाल्ला.

रात्री माधवनगरच्या फाटकाशी मी स्कूटी बंद केली.
मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, कुणीतरी हॉर्न धरून ठेवलेला,
रेल्वे अजून लांब.
आणि त्या सगळ्या धडधडीत
कुणाच्या तरी इंजिनात, नेमका कुणाच्या ते कळेना,
एक खडा.
मी मान वळवली.
परत पडतोय का म्हणून थांबले.
फाटक उघडलं तरी.