अर्धा इंच

दोन गजांमधलं अंतर किती ठेवायचं
हे गिऱ्हाईक सांगतं.
गॅलरीला असं, की पोराचं डोकं अडकू नये.
कूलरला असं, की बोट पंख्यापर्यंत पोचू नये.
वीस वर्षं जालन्यात मी
लोकांच्या भीतीची मापं घेतोय.

ह्या वेळी गिऱ्हाईक आमची समता, इयत्ता सहावी.
मैत्रिणीच्या बापाची बदली झाली
आणि ही खोक्यात दोन गिनीपिग घेऊन आली.
शेपटी नाही, मान नाही,
उशीचा कोपरा फाटून बाहेर आल्यासारखे.
एकीचं नाव खारी, दुसऱ्याचं टोस्ट.

आणि घरात आधीपासून पितळी.

दुकानात जन्मलेली, ठिणग्यांना न भिणारी मांजर.
दिवाळीपासून सतरा उंदीर
तिनं उंबऱ्यावर आणून दाखवले
आणि प्रत्येकाला आम्ही शाब्बास म्हणून दूध दिलं.
आता तिला कोणत्या तोंडानं सांगायचं
की हे त्यातले नाहीत?

मी एक इंचाची जाळी लावली.
पितळी आली, बसली,
पंजा आत घातला, पार कोपरापर्यंत,
शेटजी गल्ल्यात घालतात तसा, सावकाश.
खारी दगड झाली.
समता ओरडली नाही. म्हणाली,
"पप्पा, माप चुकलं."

जाळी कापली. अर्ध्या इंचाची लावली.
वर झाकण, झाकणाला कडी, कडीला खिट्टी.
पाय भिंतीला बोल्ट केले,
कारण उडी मारताना मांजर तीन किलोची राहत नाही.
आत फुटक्या रांजणाचे दोन तुकडे पालथे.
लपायला जागा हवीच.
दात न लागताही मरतात म्हणे,
नुसतं बघितलं जाऊन.

मोंढ्यात घासाची पेंढी मागितली
तर भुजंग म्हणाला, "म्हैस घेतलीस का काय बे?"
कोथिंबिरीची पिशवी वाजली की दोघं शीळ घालतात,
आणि पितळी कान मागे करून
माझ्याकडं बघते.
शिकारच ओरडून जेवण मागते,
हे तिच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

शेजारचे अंकुशराव म्हणतात,
"कामून कोंडायलास त्यायला? सवय झाली की आता.
सोड एकदा, व्हिडिओ काढू."
झाली असेल सवय.
माझा भरवसा खिट्टीवर.

मग मे आला. त्रेचाळीस.
ह्या केसाळ जिवांना तीससुद्धा जास्त होतं.
पत्र्याखाली दोन खोल्या, कूलर एकीत.
रात्री मधलं दार लावायचं, हा आमचा नियम,
पण त्या रात्री दाराच्या पलीकडे
मांजरालाही ठेववेना.
सगळे एकाच खोलीत. आणि दीडला लाईट गेली.

पाळ्या लावल्या. आधी उज्ज्वला, मग मी.
समताला झोपवलं, तरी ती
अर्धा डोळा पिंजऱ्याकडं ठेवून झोपली.
नळ येऊन सहा दिवस झालेले,
त्यातला एक तांब्या मी
पिंजऱ्यावरच्या गोणपाटाला पाजला.
टोस्ट लांबलचक पसरलेला, बरगडी भराभर हलतेय.
पितळी फरशीला चिकटून, हनुवटी माझ्या पावलावर.
घुरघुरत होती.
शेपटीचं टोक मात्र थांबत नव्हतं.

तिला हाकलावंसं वाटलं नाही.
दूध मीच दिलेलं.
अंधारात आम्ही दोघं एकाच जाळीकडं बघत होतो,
ती तिच्या कामानं, मी माझ्या,
आणि मधे माझ्याच हातचं अर्धा इंच.

चार वाजून दहा मिनिटांनी कूलर घरघरला.
आतून एक बारीक शीळ आली.
समतानं डोळे न उघडता विचारलं,
"खिट्टी?"

हात लावून बघितली.
लावलेली होती.