बुधवारचे दोन हत्ती

चपला पिशवीत घातल्या.
फरशी एवढी तापलेली की
देवळात शिरणं म्हणजे आधी नाचणं.
अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवरून
सगळे एकामागे एक, उजवी घालत चाललेले;
मीही.

मौलम्याइन. टेकडीवरचा पगोडा.
खाली नदी सावकाश समुद्राला मिळते आहे,
वर बुद्धाच्या डोक्यामागे
विजेच्या दिव्यांचं चक्र, लाल, निळं, पुन्हा लाल,
जत्रेतल्या पाळण्यासारखं.
कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.
एक माणूस डोळे मिटून बसलाय, मांडीवर मांजर,
मांजराचेही डोळे मिटलेले.
कॉलेजातल्या दोन पोरी तीनदा कपाळ टेकतात
आणि चौथ्यांदा, जराशा हसत, फोटोसाठी.

मी पाहायला आलेली.
पाहणाऱ्याने हात कुठे ठेवायचे?
मागे बांधले तर तपासनीस वाटते,
जोडले तर खोटी.

कडेने कोपरे. प्रत्येक वाराचा एक,
प्रत्येक वाराचं एक जनावर.
ज्याचा जो वार तो तिथे पाणी घालतो,
वयाइतक्या वाट्या, वर एक.
वार सात, कोपरे आठ.
मी बोटांवर पुन्हा मोजले.

मंगळवारच्या सिंहापाशी एक म्हातारी
ओठ हलवत ओतत होती. तीस वाट्या.
तिचा स्वतःचा वार गुरुवार, हे मागाहून कळलं;
सिंह मुलाचा. तो थायलंडात कोळंबी सोलतो,
रात्रपाळीला, बर्फात हात घालून.

"मी ठॉ चान," छातीवर तळवा ठेवून ती म्हणाली.
मोन लोकांत बाईच्या नावाआधी मी लावतात.
मला वाटलं, ती माझ्याच भाषेत वाक्य सुरू करते आहे,
आणि मी क्रियापदाची वाट पाहत राहिले.

फुलं विकणाऱ्या पोरीने फोनमध्ये माझी तारीख घातली.
बुधवार.
सकाळचा की दुपारनंतरचा?
सकाळचा हत्ती सुळेवाला, दक्षिणेला.
दुपारनंतरचा बिनसुळ्यांचा, वायव्येला, राहूचा.
याहू, म्हणाली ती पोर,
पण मी ओळखला: तोच आमचा,
पत्रिका न मानणाऱ्या घरातही दबक्या आवाजात येणारा.

किती वाजता झाले मी?
आई सांगायची, मला शुद्ध नव्हती.
बाबा सांगायचे, मी गावाला होतो.
आता विचारायला दोघंही नाहीत.

मी ठॉ चान हसली नाही.
असले घोळ तिने आधीही निस्तरले असावेत.
बोटांनी माझं वय विचारून घेतलं. शेहेचाळीस, वर एक.
तेवीस वाट्या सुळेवाल्याला.
मग नागावरून पुढे, तिच्या उंदरापाशी क्षणभर थांबून,
तेवीस बिनसुळ्याला.
पाणी दगडी सोंडेवरून घसरलं
आणि खाली आधीच्या कुणाच्या तरी पाण्यात गेलं.

उरली एक.
ती येत्या वर्षाची, पोरीने सांगितलं, तुझी.
सिंह अर्ध्या फेरीवर होता.
भरली वाटी सांडू न देता चालायचं तर
पट्टीवरच्या गर्दीत जमत नाही,
म्हणून फरशीवरून गेले.
सिंहाच्या डोक्यावर वाटी धरली तेव्हा
म्हातारीने माझं मनगट पकडलं,
मान हलवली, नको, नको,
मग सोडलं.

कुणीतरी घंटेवर ओंडका हाणला, तीनदा.
आसपासचे सगळे, मांजरवाला माणूससुद्धा,
डोळे न उघडता म्हणाले: थाडू, थाडू, थाडू.
आमचाच साधू, त्यांच्या जिभेवर.
मी ठॉ चान पदराने नाही,
तिथे पदर नसतो,
मळक्या टॉवेलाने सिंहाचं तोंड पुसत होती.

तळपायाला फोड आलेत,
हे हॉटेलात गेल्यावर दिसलं.