दुधी

सातपूरला, मागच्या शेडमध्ये,
माझ्या टेबलावर एक गेज असायचा.
त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
एवढंच काम. एकवीस वर्षं.
एवढंच म्हणजे किती, ते
त्या मंगळवारी कळलं,
जेव्हा नको ते टोक
अलगद आत गेलं.

बाराशे बुश. ट्रक दारात.
ओहोळ साहेब म्हणाले, सुलभाताई, सही करा,
पाच मायक्रॉननं कुणाचं काय बिघडतं?
आवाज चढवला नाही.
रविवारी दानाची पिशवी फिरवताना
जसे हळू चालतात, तसेच हळू बोलले.

मी पेन उघडलं. हे सांगायलाच हवं.
कारण आठ वर्षांपूर्वी असंच उघडलं होतं
आणि सही केलीही होती.
तेव्हा ह्यांचं डायलिसिस चालू होतं,
रजा शिल्लक नव्हती.
तो माल कुठे गेला, कुठल्या गाडीत बसला,
कुठल्या घाटातून उतरला,
मला कुणी कळवलं नाही.
प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र
भाकर जिभेवर मऊ व्हायच्या आत
त्या बुशांची धार लागते.

देव काही बोलला का त्या क्षणी?
नाही. कॉम्प्रेसर चालू होता.
कॅन्टीनमधून पोह्यांचा वास आला.
मी पेनाला टोपण लावलं,
म्हटलं, साहेब, नाही जमणार.
आवाज इतका बारीक निघाला
की परत म्हणावं लागलं.
दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड गेलं.

सोमवारपासून मला स्टोअरला टाकलं.
हातमोजे मोजायचे, झाडू, चिंध्यांची पोती.
ओव्हरटाइम बंद.
शेरोनची फी दोन हप्त्यांत भरायचं ठरलं,
दुसरा अजून बाकी आहे.
लोंढ्यांच्या घरी प्रार्थनासभा होती,
तिथे सगळ्यांनी डोळे मिटून मागितलं,
आमच्या बहिणीला नोकरीत बढती मिळो.
मी आमेन म्हटलं. काय सांगणार?

जानेवारीत हंगामाचा सण आला.
शरणपूरला चर्चच्या आवारात थंडी अशी
की दिंडोरीच्या मळ्यातली द्राक्षंही
क्रेटात अंग चोरून बसलेली.
पाय बांधलेला एक कोंबडा, मेथीच्या जुड्या,
गावठी अंडी, कुणाचा तरी करपलेला केक.
मी गच्चीतल्या ड्रमातला दुधी नेला.
वाकडा होता.
असला माल मी टेबलावर पास केला नसता.

सिमोनकाकांनी पुकारलं, वीस रुपये, वीस!
मागून आवाज आला, शंभर.
वळून बघायची गरज नव्हती.
कुणीतरी सव्वाशे म्हणालं, मग दोनशे, मग तीनशे,
आणि तो मागचा आवाज दर वेळी वर.
सातशेला गेला. टाळ्या पडल्या.
साहेबांनी नोटा मोजून दिल्या,
माझ्याकडे बघितलं नाही.

माफी मागत होते?
की हिशेब चुकता करून मोकळे होत होते?
की सगळेच देतात तसे
चर्चच्या गळक्या छतासाठी?
हे मोजायचा गेज माझ्याकडे नाही.

गेटपाशी आले. दुधी
तान्ह्या लेकरासारखा दोन्ही हातांत धरलेला.
म्हणाले, मंडळी माहेरी गेलीत,
मला धड कापताही येत नाही. न्या तुम्हीच.
मी नको म्हणणार होते.
एकदा नाही म्हणता आलं
की मग सगळ्यालाच म्हणावंसं वाटतं,
त्यातही एक चव असते.
घेतला.

रात्री किसला. दूध आटेपर्यंत
गॅसपाशी उभी राहिले.
कुठे कुठे निवळले, सगळीकडे नाही.
अर्धा हलवा डब्यात भरून
शेरोनला म्हटलं, इंदिरानगरला देऊन ये.
ती म्हणाली, त्यांनी तुला स्टोअरला टाकलं,
आणि वर हलवा?
म्हटलं, डबा परत आणायला विसरू नकोस.

विसरली. डबा अजून तिकडेच आहे.
सहा पन्नासची बस, त्र्यंबक रोडवर धुकं,
स्टोअरच्या कुलपाला हात लावला की गारठतो.
हातमोजे मोजते.
एक जोड कमी भरतो.
पुन्हा मोजते.